विल्यम उटरमोलनचे चेहरे : अल्झायमर झालेल्या एका चित्रकाराचं प्रकरण

नेटवर एक पट्टी कायम फिरत असते, बऱ्याच जणांना ती व्हॉट्सॲपवरही आली असेल. एकाच माणसाचे पाच-सहा चेहरे ओळीने लावलेले. पहिला १९६७ सालचा, नीट रेखाटलेला, मग एकदम १९९६, मग पुढची वर्षं, आणि शेवटचा २००० सालचा, ज्यात चेहरा म्हणावं असं फारसं काही उरलेलंच नाही. खाली ओळ असते की अल्झायमर झालेल्या चित्रकाराने स्वतःच काढलेली स्वतःची चित्रं आहेत, बघा मेंदू कसा विझत जातो. लोक हळहळतात, हात जोडल्याचे इमोजी टाकतात, पुढे ढकलतात.

चित्रं खरी आहेत, चित्रकारही खरा आहे, विल्यम उटरमोलन. पण ती पट्टी बघून जी समजूत होते, की आजार हळूहळू वाढत गेला आणि चित्र त्याच प्रमाणात बिघडत गेलं, ती मला पटत नाही, आणि म्हणूनच हे एकच प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. एक तर १९६७ आणि १९९६ च्या मधली २९ वर्षं त्या पट्टीत गायबच आहेत. दुसरं म्हणजे शेवटचा चेहरा पेन्सिलीने कागदावर काढलेला आहे आणि त्याच्या आधीची मोठी चित्रं तैलरंगातली, कॅनव्हासवरची आहेत, म्हणजे माध्यमच बदललेलं असताना आपण त्यांची एकमेकांशी थेट तुलना करतोय. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, त्या मधल्या चित्रांमध्ये काय हरवलंय आणि काय त्या माणसाने मुद्दाम ठरवून केलंय हे वेगवेगळं बघायची सोयच त्या पट्टीत नाही.

आधी माणूस. उटरमोलनचा जन्म १९३३ चा, साउथ फिलाडेल्फियाचा, घराणं जर्मन वंशाचं. शिक्षण पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये, १९५१ पासून. ही अकॅडमी म्हणजे माणसाचं शरीर बघून काढण्याची जुनी, कडक परंपरा असलेली जागा, एकोणिसाव्या शतकात टॉमस एकिन्स तिथे शिकवायचा आणि शरीररचना समजावी म्हणून विद्यार्थ्यांना शवविच्छेदनापर्यंत नेऊन पोचवायचा. उटरमोलन त्याच्या कितीतरी नंतरचा, पण वळण तेच, की आधी समोरचा माणूस नीट काढता आला पाहिजे. तिथून सैन्यातली नोकरी, मग ऑक्सफर्डचं रस्किन स्कूल, आणि १९६२ मध्ये लंडन. १९६५ मध्ये त्याने पॅट्रिशिया रेडमंडशी लग्न केलं. पॅट्रिशिया कला-इतिहासाची अभ्यासक, आणि या प्रकरणात तिचं काम नवऱ्याइतकंच मोठं आहे, ते पुढे येईलच.

त्याच्या कामात मालिका दिसतात. इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या नरकावरची चित्रं १९६४-६५ ची, मग १९६९-७० ची ‘ममर्स’ मालिका (फिलाडेल्फियात नवीन वर्षाला सोंगं काढून मिरवणूक निघते, लहानपणी बघितलेली ती मिरवणूक), पुढे व्हिएतनाम युद्धावरची चित्रं, नग्नचित्रं. शिवाय भित्तिचित्रं, लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये आणि सेंट जॉन्स वुडच्या ज्यू प्रार्थनाघरात. म्हणजे हा माणूस चाळीस वर्षं काम केलेला, हात बसलेला चित्रकार होता. फार प्रसिद्ध नव्हता, हे खरं. माणसाची आकृती काढायला चिकटून राहिला आणि त्या काळात बाजार भलतीकडे चालला होता.

आता आजाराची सुरुवात. डायग्नोसिस १९९५ चं आहे, पण मागे वळून बघणाऱ्यांना खुणा त्याच्या आधीच दिसतात. १९८९ ते ९१ या काळात त्याने ‘कॉन्व्हर्सेशन पीसेस’ नावाची मालिका केली, लंडनमधल्या त्याच्या फ्लॅटमधलं जगणं, पॅट्रिशिया, मित्रमंडळी, टेबलावर वाइन आणि गप्पा, खिडकीबाहेर बर्फ. बघायला उबदार, रंग भरगच्च. पण खोल्यांचे कोन नीट बसत नाहीत, टेबल पुढे कललेलं वाटतं, माणसं एका खोलीत असूनही वेगवेगळ्या जागेत असल्यासारखी. पॅरिसचे कला-इतिहासकार ख्रिस बोइकोस यांनी उटरमोलनच्या चित्रांवर बरंच लिहिलंय आणि त्यांचंही मत असंच की पुढे काय येणार याची चाहूल या मालिकेत लागते.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. आजार माहीत असल्यावर मागच्या चित्रांत तो सापडतोच. कललेलं टेबल तर सेझान आणि मातीस या नामवंत फ्रेंच चित्रकारांनीही काढलं, त्यांना कुणी मेमरी क्लिनिकला पाठवलं नाही. तेव्हा ‘कॉन्व्हर्सेशन पीसेस’ बघून अल्झायमर ओळखता आला असता असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. फार तर एवढंच म्हणता येईल की ही चित्रं आणि पुढची चित्रं यांत एक धागा आहे, आणि तो धागा जागेच्या जाणिवेचा आहे.

घरात मात्र गोष्टी स्पष्ट दिसायला लागल्या होत्या. साधारण १९९१ पासून विसरणं सुरू झालं, भेटीगाठी लक्षात राहिनात, टायची गाठ जमेना, घरी परतताना रस्ता चुकायला लागला. मग एका कुटुंबाच्या पोर्ट्रेटचं काम आलं होतं, पॅट्रिशिया ते दाखवायला गिऱ्हाइकाला घेऊन स्टुडिओत गेली आणि बघते तर चित्र जवळजवळ नऊ महिन्यांपूर्वी होतं तिथेच. रोज उठून स्टुडिओत जाणारा माणूस, आणि कॅनव्हास तसाच. तिला आधी वाटलं डिप्रेशन असेल. हे फार ओळखीचं आहे, आपल्याकडेही आधी वय झालं म्हणतात, मग टेन्शन, मग डिप्रेशन, आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत दोन-तीन वर्षं निघून जातात. १९९५ मध्ये तपासण्या झाल्या आणि अल्झायमर असल्याचं सांगण्यात आलं. तेव्हा त्याचं वय ६१.

तपासण्या लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये झाल्या, मेंदूविकारांचं ते नावाजलेलं केंद्र. तिथे रॉन आयझॅक्स नावाचा नर्स होता. त्याला उटरमोलनच्या चित्रांत रस वाटला आणि त्याने सुचवलं की काढत राहा, स्वतःला काढा. आज आपण ज्याबद्दल बोलतोय त्या चित्रांमागे हे एक साधं प्रोत्साहन आहे. आयझॅक्स, मानसशास्त्रज्ञ सबॅस्टियन क्रच आणि न्यूरॉलॉजिस्ट मार्टिन रॉसर या तिघांनी २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रकरणावर पेपर लिहिला, आणि तिथून उटरमोलन हे नाव वैद्यकीय जगात गेलं.

चित्रांकडे येऊ, कारण खरं प्रकरण तिथेच आहे.

डायग्नोसिसनंतरचं पहिलं मोठं चित्र ‘ब्लू स्काइज’, १९९५. पिवळसर रिकामी खोली, एक माणूस टेबलाला धरून बसलाय, अक्षरशः धरून, आणि वर छताला खिडकी, त्यातून निळं आभाळ. आधीच्या मालिकेतल्या त्या भरलेल्या खोल्या आठवा, मित्र, बाटल्या, भांडी, गालिचे, आणि आता हे. हे चित्र ज्याने काढलं त्याची रचना अजून शाबूत आहे, रिकामेपणा कुठे ठेवायचा हे त्याला नेमकं कळतंय. टेबलाला धरलेले हात चुकून आलेले नाहीत. आत्ताच डॉक्टरने काय सांगितलं ते या माणसाला समजलंय आणि ते तो रंगात सांगतोय.

१९९६ मध्ये चित्रांचा सपाटा आहे. पिवळ्यातलं आत्मचित्र, लालमधलं आत्मचित्र, ईझलसोबतचं (चित्र टेकवायच्या लाकडी चौकटीसोबतचं) आत्मचित्र, ज्यात ईझलच्या पट्ट्या चेहऱ्याभोवती गजांसारख्या आल्यात, आणि ‘ब्रोकन फिगर’. रेषा जाड झालीय, चेहरा सपाट होत चाललाय, डोळे मोठे आणि घाबरलेले. जुनं वळण, म्हणजे प्रकाश-सावलीने गोलाई आणणं, नाक-गाल-हनुवटी यांचे उठाव दाखवणं, ते सुटतंय. त्याच वेळी रंग जोरकस होतोय. तो वास्तवदर्शी चित्रकार होता आणि आता त्याची चित्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मन एक्स्प्रेशनिस्ट लोकांच्या, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा भावना दाखवायला आकार आणि रंग मोडणाऱ्या चित्रकारांच्या, जवळ जातात.

हे का होतं? इथे मेंदूचा भाग समजून घ्यायला लागतो. अल्झायमर म्हटलं की आपल्याला फक्त स्मरणशक्ती सुचते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन वेगळे पेपर आठवत असतील. स्मरणशक्ती गेली तर स्मरणचित्र बिघडेल, पण समोर ठेवलेला माठ आणि केळी का बिघडावीत? ती तर दिसतायत. पण अल्झायमरमध्ये पुढे मेंदूचा पराएटल भाग, डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा, विशेषतः उजवीकडचा, आजाराच्या तावडीत सापडतो, आणि दिसलेल्या गोष्टीची जागा, अंतर, प्रमाण पकडून ती कागदावर उतरवायचं काम त्या भागावर फार अवलंबून असतं. डोळ्याला नाक दिसतं, हाताला रेषा मारता येते, पण नाक डोळ्यापासून किती खाली हे या दोघांमध्ये कुठेतरी निसटतं. मेमरी क्लिनिकमध्ये घड्याळ काढायला सांगतात किंवा एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायला सांगतात ते याचसाठी. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यूरॉलॉजिस्ट ब्रूस मिलर यांनी उटरमोलनच्या प्रदर्शनाच्या वेळी हेच कारण सांगितलं होतं, की उजव्या पराएटल भागामुळे चित्रं धूसर आणि अमूर्त होत जातात, रंगाचा वापर मात्र कधी कधी फार सुंदर राहतो.

हात मात्र थरथरत नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. अल्झायमरच्या सुरुवातीच्या वर्षांत स्नायूंवरचा ताबा बहुतेक टिकून असतो, त्यामुळे रेषेत जोर आहे, ठामपणा आहे, फक्त ती जिथे पडायला हवी तिथे पडत नाही.

आणि त्याला ते कळत होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वात जड गोष्ट आहे. पॅट्रिशियाने सांगितलंय की जागेची जाण निसटत चालली होती आणि बहुधा त्यालाही ते ठाऊक होतं. चित्र चुकलंय हे दिसतंय, पण दुरुस्त कसं करायचं ते सापडत नाही. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची प्रमाणं तपासली, विद्यार्थ्यांना शिकवलं, त्याची नजर शाबूत आणि तिला साथ देणारी यंत्रणा नाही.

१९९७ चं ‘सेल्फ-पोर्ट्रेट विथ सॉ’ बघा. चेहऱ्याच्या बाजूला उभी करवत. पॅट्रिशियाच्या म्हणण्यानुसार ही करवत शवविच्छेदनाची आहे, कारण अल्झायमरचं पक्कं निदान माणूस गेल्यावर मेंदू उघडूनच होतं असं त्याला समजलं होतं. आता विचार करा, चेहरा विस्कटलेला आहे, प्रमाण गेलेलं आहे, पट्टीत लावला तर ‘अजून एक पायरी खाली’ एवढंच दिसेल, पण त्या करवतीत एक पूर्ण विचार आहे, आपल्या मरणाबद्दलचा, आपल्या मेंदूबद्दलचा, तोही विनाशब्दांचा. तंत्र जातंय आणि आशय धारदार होतोय, एकाच चित्रात. म्हणून आजार वाढला तशी चित्रकला कमी झाली असं सरळ म्हणता येत नाही, निदान १९९७ पर्यंत तरी नाही.

त्यानंतर मात्र उतार खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. १९९९ चं ‘इरेज्ड सेल्फ-पोर्ट्रेट’, खोडलेलं आत्मचित्र, पूर्ण व्हायला जवळपास दोन वर्षं लागली, आणि ब्रशने केलेलं ते त्याचं शेवटचं आत्मचित्र. त्यात चेहरा रंगवलाय की पुसलाय हे सांगता येत नाही. हे खोडणं ठरवून केलेलं की परत परत दुरुस्त करायच्या धडपडीतून झालेलं? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण दोन वर्षं एकाच कॅनव्हासवर जाणं हेच सांगतं की त्याला हवं ते येत नव्हतं आणि तरी तो सोडत नव्हता. २००० ची पेन्सिलची डोकी त्याच्याही पलीकडची, अंडाकृती, आत काही रेघा, कुठे डोळ्याची खूण. २००१ नंतर जवळजवळ काहीच नाही. २००४ मध्ये त्याला नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायम देखभाल करणाऱ्या संस्थेत, ठेवावं लागलं आणि २१ मार्च २००७ ला तो गेला. पॅट्रिशियाने नंतर म्हटलं की बिल (म्हणजे विल्यम) खरं तर २००० सालीच गेला, चित्र काढता येईनासं झालं तेव्हा.

२००६ मध्ये, म्हणजे तो जिवंत असताना, अमेरिकेत ही चित्रं दाखवली गेली, न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ मेडिसिनमध्येही. ॲलॉइस अल्झायमरने हा आजार पहिल्यांदा मांडला त्याला तेव्हा शंभर वर्षं होत होती. चित्रकार म्हणून हयातभर जेवढं नाव झालं नाही तेवढं पेशंट म्हणून झालं, आणि ती पट्टी तिथूनच पुढे फिरत राहिली. मला याचं वाईट वाटतं. ‘ममर्स’ मालिका किती जणांनी पाहिलीय?

एका माणसावरून सगळ्यांबद्दल किती बोलायचं हाही प्रश्न आहे. अमेरिकेत काम केलेला चित्रकार विलम डी कूनिंग याचं उदाहरण समोर ठेवलं की लगेच गडबड होते. त्यालाही उतारवयात डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाणं, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) झाला, आणि १९८० च्या दशकात त्याने तीनशेहून जास्त पेंटिंग केली, मोकळी, पांढऱ्यावर लाल-निळ्या रिबिनींसारख्या रेषा फिरणारी. काहींना ती त्याच्या उत्तम कामांपैकी वाटतात, काहींना रिकामी. शिवाय स्टुडिओत मदतनीस होते, ते कॅनव्हास तयार करून द्यायचे, त्याची जुनी रेखाटनं त्यावर प्रोजेक्ट करायचे, मग यातलं आजाराचं किती, वयाचं किती, दारू सुटल्याचं किती आणि मदतनिसांचं किती हे कोण ठरवणार? डी कूनिंग अमूर्त चित्रकार होता, त्याचं नाक चुकलं असं म्हणायला नाकच नव्हतं. उटरमोलनच्या बाबतीत चेहरा हाच विषय असल्यामुळे बदल आपल्या डोळ्यात भरतो.

ब्रशच्या फटकाऱ्यांचं गणित मांडून बघायचा प्रयत्नही झालाय. २०१६ मध्ये ॲलेक्स फोर्साइथ आणि सहकाऱ्यांनी सात चित्रकारांच्या २,०९२ चित्रांचं फ्रॅक्टल विश्लेषण केलं, म्हणजे फटकाऱ्यांमधल्या नक्षीची गुंतागुंत मोजली. डी कूनिंग आणि जेम्स ब्रुक्स, दोघांना अल्झायमर, त्यांच्यात ही गुंतागुंत वयाबरोबर कमी होत गेली. मोने, पिकासो, शागाल यांच्यात तशी घसरण दिसली नाही. अभ्यास लक्ष वेधून घेणारा आहे पण त्यावरून कुणाच्या चित्रातून आजार आधी ओळखायला निघणं घाईचं होईल, सात चित्रकार म्हणजे फारच थोडे. आणि आजार मेंदूचाच असायला लागतो असंही नाही. मोनेला मोतीबिंदू होता, त्याने रंग तांबूस-तपकिरी होत गेले, १९२३ मध्ये ऑपरेशन झाल्यावर परत बदलले. उतारवयातल्या चित्रकाराची स्टाइल बदलली तर आधी डोळे तपासून घ्या, हे मी मनापासून सांगतो.

डिमेन्शियाचे प्रकारही वेगळे. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात पुढचा आणि बाजूचा भाग जातो, मागचा शाबूत राहतो, आणि तिथे कधी कधी उलटंच होतं, आधी फारसं न काढणारा माणूस झपाटल्यासारखा काढायला लागतो. कॅनडाच्या ॲन ॲडम्स शास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९९४ मध्ये राव्हेलच्या ‘बोलेरो’ या संगीतरचनेचं, संगीताच्या एकेका मापाला (बारला, म्हणजे तालाच्या छोट्या खंडाला) एकेक उभी आकृती असं, चित्र केलं, आणि त्यांची भाषा काही वर्षांनी गेली. तेव्हा डिमेन्शियाने स्टाइल अशी-अशी बदलते हे वाक्य मुळात अर्धवट आहे, कुठला डिमेन्शिया आणि आधी कुठली स्टाइल हे दोन्ही विचारायला लागतं.

परत उटरमोलनकडे. माझं मत असं झालंय की १९९५ ते ९७ ची चित्रं ही एका शिकलेल्या चित्रकाराने नवीन परिस्थितीशी केलेली जुळवणी आहेत. गोलाई जमेना तेव्हा सपाट रंग, प्रमाण जमेना तेव्हा जाड बाह्यरेषा, दुसऱ्यांची पोर्ट्रेट जमेनात तेव्हा स्वतःचा चेहरा, जो कायम जवळ आहे आणि ज्याच्या सारखेपणाबद्दल कुणी तक्रार करणार नाही. एक्स्प्रेशनिस्ट भाषा त्याला परकी नव्हती, त्याच्या पिढीच्या कुठल्याही आर्ट स्कूलवाल्याला ती माहीत होती, हाताशी होती, आणि जे उरलंय त्यातून काम करायचं तर तीच सोयीची होती. हे सगळं जाणीवपूर्वक झालं असेल असं नाही, पण चित्रकाराच्या हाताला सवयीने बरंच कळतं. ९८-९९ नंतर ही जुळवणीही पुरेनाशी झाली. म्हणजे एकाच पट्टीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना एकच उतरण समजल्यामुळे पहिल्या तीन वर्षांचं श्रेय आपण आजाराला देऊन टाकतो.

हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण पॅट्रिशियाने चित्रं जपली, त्यांचा क्रम सांगितला, आणि नवऱ्याला शेवटपर्यंत कागद-पेन्सिल मिळत राहील हे बघितलं. त्यामुळे ज्यांच्या घरी चित्र काढणारं कुणी आहे, आणि विसरणं सुरू झालंय, त्यांना एवढंच सुचवतो. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख टाका, काय माध्यम वापरलं तेही, रंग कुणी काढून दिले तेही लिहा. अर्धवट राहिलेलं फेकू नका. तैलरंग झेपेनासे झाले तर जलरंग, ते झेपेनासे झाले तर जाड पेन्सिल किंवा खडू द्या, एका वेळी एक-दोनच रंग समोर ठेवा. आणि नाक चुकलंय, डोळा वर गेलाय, असं सांगायला जाऊ नका, त्यांना दिसत असतंच.